वाळक्या फांदीवरचं लाल फूल

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर एक कुंडी होती. तिच्यात जास्वंदीचं वाळून काडी झालेलं झाड आणि शेंड्यावर मात्र टवटवीत लाल फूल! आदल्या संध्याकाळी सर्वांदेखत झाड कापडानं झाकलं होतं. सकाळी कापड निघालं आणि लोकांनी तोंडात बोटं घातली.

"विचारा तुमच्या विज्ञानाला!" फुलबाबा गरजले. "मेलेलं झाड फुलतं कधी? आम्ही पलीकडे हाक मारली, झाडाची मालकीण अलीकडे आली!"

पहिल्या रांगेत म्हातारे शिंपीकाका डोळे पुसत होते. कुंडी त्यांच्या बायकोची. ती गेल्यापासून काका बोलत ते फक्त या झाडाशी.

"पण बाबा," काका चाचरले, "तिच्या झाडाला पिवळी फुलं यायची."

"तिकडे गेलं की रंग बदलतो," बाबा जराही न अडखळता म्हणाले. "आता ती इथेच राहणार. कुंडी आमच्यापाशी ठेवा आणि रोज नवं फूल बघायला या."

काका रिकाम्या हातांनी घरी आले. गॅलरीत कुंडीच्या जागी मातीचं वर्तुळ तेवढं उरलं होतं. त्यांनी शिलाई मशीन चालवलं, थांबवलं, पुन्हा उगाच चालवलं. घरात आवाज हवा म्हणून.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या विज्ञानाच्या बाई वर आल्या. त्यांच्या हातात जास्वंदीची मिटलेली कळी होती. ती त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर कोरडीच ठेवली.

"काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका. सकाळी फक्त बघा."

सकाळी टेबलावर फूल उमललं होतं!

"उद्या फुलायची कळी आज खुडली, तरी उद्या फुलतेच," बाई म्हणाल्या. "पाणी लागत नाही, झाडही लागत नाही. फुलायचं बळ तिच्यात आधीच साठलेलं असतं. फुलाचं आयुष्य तसंही जेमतेम एका दिवसाचं. झाड झाकताना बाबांनी अशीच कळी बांधली असेल."

काका उठले ते थेट सभागृहात जाऊन मंचावर चढले.

"हात लावू नका, कोप होईल!" बाबा ओरडले.

पण काकांच्या बोटांनी देठाशी हिरवा दोरा शोधलाच. एक हिसका दिला आणि फूल तळहातावर आलं.

"बाबा, टाका कच्चा पडला."

सभागृह हसलं. बाबांनी मागचं दार गाठलं. कालपर्यंत रांगेत पुढे घुसणाऱ्या एकानं टोमणा मारला, "काका, रंग बघूनही कळलं नाही होय?"

"कळलं होतं," काका म्हणाले. "पण घरी कुणी नसलं की माणूस लालालाही पिवळं म्हणतो."

मग काका कुंडी उचलून निघाले.

घरी आल्यावर बाईंनी बुंध्याची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत आहे! कधी छाटलंत का?"

"तिनं वाढवलेल्या फांद्या. कात्री कशी लावू? मातीसुद्धा तिनेच भरलेली."

बाईंनी कुंडी उपडी केली. मुळं एकमेकांना आवळत गोल गोल फिरली होती. "तुमच्या मायेनंच गुदमरलंय हे. दोन-तीन वर्षांनी माती बदलायची, गुंतलेली मुळं थोडी कापायची, वाळक्या फांद्या छाटायच्या. भरपूर ऊन द्यायचं, पाणी साचू द्यायचं नाही. मग जास्वंद वर्षानुवर्षं जगते."

"आणि पालवी फुटली की ती..."

"झाड येईल, काका. काकू नाही येणार."

बाईंनी टेबलावरची कात्री उचलली, तसा काकांनी हात पुढे केला. "द्या ती कात्री. ती कशी चालवायची हे मला शिकवू नका."

मुलांनो, दुःखात आधार शोधण्यात लाज नाही. पण कुणी चमत्कार दाखवला, की तो कसा घडला हे आधी विचारा, स्वतः करून पाहा. आणि आपल्या वरच्या मजल्यावर कुणी एकटं राहत असेल, तर भोंदूच्या आधी आपण जिना चढा.