पुसलेल्या रेघेचा नकाशा

मी एक नकाशा आहे, मित्रांनो. वय अवघं दोन वर्षांचं, पण कागदाला तेवढ्यातही म्हातारपण येतं. माझे कोपरे पिवळे पडलेत, घड्यांवर चिकटपट्ट्या आहेत. सध्या मी एका विद्यापीठाच्या दालनात काचेआड टांगलेला असतो. येणारेजाणारे थांबून माझं कौतुक करतात, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगतो.

माझा जन्म पोलादपूर तालुक्यातल्या वरच्या कोंडात झाला. डोंगराच्या कुशीतली ही सतरा उंबऱ्यांची वाडी. घरटी एखाददुसरा माणूस मुंबईला, बाकीचे भात-नाचणी पिकवणारे, गुरं राखणारे. वाडीच्या डोक्यावर डोंगर आणि डोंगरावर लांबरुंद सपाट सडा, म्हणजे कातळाचं माळरान. त्या सड्यावर उन्हापासून वीज करणारा प्रकल्प येणार होता. कोळसा सोडून उन्हाकडे वळायचं, हे चांगलंच. पण त्या बदलात डोंगरावरच्या माणसांचं पाणी आणि गुरचरण जाऊ नये, म्हणून आधी त्यांना विचारावं, अशा विषयावर विद्यापीठातली मानसी संशोधन करत होती. तिनं ड्रॉइंगचे चार मोठे कागद डिंकानं जोडले, देवळाच्या फरशीवर पसरले आणि म्हणाली, "तुमचा डोंगर तुम्हीच काढा." तोच मी.

काय धमाल उडाली त्या दिवशी! बायकांनी झरे काढले. म्हाताऱ्यांनी गुरांच्या वाटा काढल्या आणि एका फणसाच्या झाडावरून भांडून घेतलं. सुनीलनं आपलं घर शेजाऱ्याच्या दुप्पट काढलं, तेव्हा सगळ्यांनी त्याची खेचली. "आधी बायको तर येऊ दे, मग वाढव घर!" मी गुदगुल्या झाल्यासारखा सळसळत होतो. एवढी माणसं आपल्यावर ओणवी झालीत, याचा मला गर्व वाटत होता.

सगळ्यांत शेवटी धोंडूआजी पुढे आली. आयुष्यभर बकऱ्यांमागे हिंडलेली बाई. पेन्सिल तिनं कधी हातात धरली नव्हती. तिनं ती मुठीत कोयत्यासारखी धरली आणि सुनीलच्या घराच्या वर, डोंगराच्या उतारावर, एक आडवी वाकडीतिकडी रेघ ओढली. इतकी दाबून, की मला कळ लागली.

"ही काय, आजी?" मानसीनं विचारलं.

"भेग हाय गो. जमीन उकललेय. गेल्या साली कोयत्याचं पातं जायचं तिच्यात, यंदा माझा हात जातो कोपरापर्यंत. करडाचा पाय अडकला, तवा कळलं मला."

कुणी मान वर करेना. मग कुणीतरी चहा आला म्हणालं आणि सगळे उठले.

संध्याकाळी मानसी माझी गुंडाळी करत होती, तेव्हा महिपतआबा परत आले. आबा म्हणजे सुनीलचे वडील, वाडीतले शब्दाला वजन असलेले गृहस्थ.

"ताई, ती रेघ तेवढी काढून टाका."

"का हो, आबा?"

"सुनीलला बघायला पावणे यायचेत रविवारी. दरडीच्या गावात कोण पोरगी देतो? दोन स्थळं आधीच मोडली. वाडीत लग्नाची नऊ पोरं हाईत, ताई. कागदावर आलं म्हंजे गावभर झालं."

"पण आजींना विचारलंत का?"

"ती माझी चुलती. मी सांगतो तिला."

मानसी वाईट नव्हती, मित्रांनो. तिच्या कामाचा नियमच होता की नकाशा लोकांचा, लोक म्हणतील ते ठेवायचं, नको म्हणतील ते पुसायचं. फक्त लोक म्हणजे कोण, हे तिनं त्या संध्याकाळी एकाच माणसाला विचारलं. तिनं खोडरबर घेतलं आणि रेघ पुसली. मी ओरडलो असतो, पण कागदाचा आवाज तो केवढा? आबांनी आजीला काही सांगितलं नाही. रविवारी पाहुणे आले, वाडी बघून गेले, आणि वैशाखात ज्योती सून होऊन घरात आली. महाडकडची, हसरी, कामाला वाघ.

इकडे माझं नशीब उघडलं. माझ्यावरून शाई फिरली, रंग भरले, मानसीच्या अहवालात मी पहिल्या पानावर छापलो गेलो. लोकसहभाग असावा तर असा, असं मोठमोठी माणसं म्हणाली. मग प्रकल्पाचे इंजिनिअर आले. त्यांना सड्यावर जाणारा रस्ता हवा होता. झरे टाळायचे, गुरांच्या वाटा टाळायच्या, फणससुद्धा टाळायचा, असं त्यांनी प्रामाणिकपणे ठरवलं. मग माझ्यावर मोकळी अशी एकच जागा उरली. तिथून त्यांनी रस्ता नेला. हिवाळ्यात जेसीबीनं त्या उताराचा पायथा खणून काढला.

या मे महिन्याच्या शेवटी विद्यापीठानं वाडीतल्या लोकांना सत्काराला बोलावलं. शाल, श्रीफळ, फोटो झाले. सगळे माझ्यापुढे जमून आपापली घरं शोधू लागले. धोंडूआजी काचेला नाक लावून उभी राहिली. तिचं बोट झऱ्यावरून निघालं, सुनीलच्या घरावरून वर चढलं आणि थांबलं.

"महिपत, माझी भेग कुठं गेली रे?"

"कसली भेग, आजी?" ज्योतीनं विचारलं.

"डोंगराची गो. रस्ता खणल्यापासून अख्खी बकरी जाईल एवढी झालेय. मला वाटलं, ताईंनी कागदावर घेतलंय, म्हंजे वर साहेबांना ठावूक असंल. म्हणून गप राहिले मी."

ज्योती काचेजवळ आली. रंगाखाली, बरोबर त्या जागी, माझ्या अंगावर दाबाचा व्रण अजून आहे. उजेड तिरपा पडला की दिसतो. तिला तो दिसला. तिनं खाली बोट नेलं. "हे आपलं घर ना, आबा? दुप्पट काढलेलं?"

आबांनी हातातला नारळ खाली ठेवला. "पोरी," ते म्हणाले, "तुला आणायची होती ना घरात. म्हणून पुसली."

मानसी खाली बसून रडली. मग तिनं डोळे पुसले, पहारेकरी नको नको म्हणत असताना काच उघडली आणि लाल पेन आबांपुढे धरलं. आबांनी स्वतःच्या हातानं रेघ पुन्हा काढली. त्याच दुपारी अर्ज लिहिला गेला, फोटो गेले, कचेरीत फोन झाले. पाहणीला माणसं पाठवू, असं उत्तर आलं. नेमकं कधी, ते कुणी सांगितलं नाही.

आज जूनची सहा तारीख. अजून कुणी आलेलं नाही. ज्योतीचा रोज सकाळी मानसीला फोन येतो. "ताई, आभाळ भरलंय. कुणी निघालं का तिकडून?" मानसी रोज माझ्याकडे बघत "नाही गं" म्हणते, आणि फोन ठेवून पुन्हा कचेरीचा नंबर फिरवते.

मित्रांनो, तुमच्या गावाचा नकाशा काढायला कधी कुणी आलं, तर झरे काढा, झाडं काढा, आणि ज्याची भीती वाटते तेही काढा. मग कुणी मायेनं का होईना, ते पुसायला आलं, तर त्याचा हात धरा. मला हात नाहीत. माझ्यावर लाल रेघ आहे आणि तिच्याखाली सतरा घरं आहेत, आणि काल पोलादपुरात पाऊस सुरू झाला.