चंद्राबाईंची कॅसेट

मेलेल्या बाईचं हृदय बसवंत जेवणाच्या सुट्टीत चालू करून बघायचा. दूरच्या कानडी शहरात, जे. पी. नगरातल्या एका नर्सिंग होममध्ये तो इको काढायचा. छातीवर जेली लावून प्रोब टेकवायचा, पडद्यावर हृदय दिसलं की ते कॅसेटवर भरायचं आणि आकडे लिहायचे. डॉक्टर खाली सही करत. जुन्या कॅसेटी पुसून पुन्हा वापरायची तिथली पद्धत होती. ही एक मात्र त्याने लपवून ठेवली होती.

चौऱ्याण्णव साली चंद्राबाई दम लागतो म्हणून आल्या होत्या. हा निपाणीचा, त्या संकेश्वरच्या. परक्या गावात मराठी बोलणारा भेटल्यावर बाई खुलल्या. पण ब्लाऊज काढायला सांगितल्यावर लाजेनं अर्धमेल्या झाल्या. आईच्या वयाची बाई. बसवंतचाही हात धजेना. नर्स जेवायला गेलेली. मग त्यानं पदर तसाच ठेवून गळ्यापाशी, बरगडीखाली प्रोब फिरवला. पडद्यावर नुसतं धुकं, आत काहीतरी हलतंय एवढंच. 'चित्र मिळालं नाही' असं लिहायला काय धाड भरली होती? पण त्यानं नेहमीचे आकडे ठोकून दिले: पंपिंग साठ टक्के, नॉर्मल. पाच महिन्यांनी बाई गेल्या.

तेव्हापासून तो कॅसेटवरच्या त्या धुक्यात डोळे ताणून बसे. ते हृदय कधी धडधाकट वाटे, कधी थकलेलं. बाई मात्र त्याच्याकडे बघून हसताहेत असंच त्याला वाटे.

दोन वर्षांनी एका दुपारी त्यांचे यजमान नागनाथ आले. सोबत मुलगी धनलक्ष्मी, चार पावलांत धापा टाकणारी.

"डॉक्टरांनी इको सांगितलाय," नागनाथ म्हणाले, "पण ही ऐकंना. म्हणते, आईचा चांगला आला होता, मलाबी आईगत दमाच असंल. कपडे काढायचं नको म्हणून परत निघालीया." त्यांनी जुना रिपोर्ट पुढे केला. घडीवर प्लास्टिक चढवलेलं होतं. "चंद्रा सांगायची, लई भला पोरगा, पदराला हात लावला नाही. तसंच स्वल्प, जरासं हिचंबी बघा की, बसवंतअण्णा."

धनलक्ष्मी दाराकडे वळलीच होती. गप्प बसलं तर नोकरी शाबूत राहणार होती.

"अक्का, थांबा. तो रिपोर्ट खोटा आहे," बसवंत म्हणाला. "मला काहीच दिसलं नव्हतं. पदर काढल्याशिवाय दिसतच नाही. मी लाजलो आणि अंदाजानं लिहिलं."

नागनाथ मटकन खुर्चीत बसले. धनलक्ष्मी दारातून मागं फिरली. मग म्हणाली, "नर्सला बोलवा."

नर्स येऊन उभी राहिली. मुलगी डाव्या कुशीवर वळली. चित्र लख्ख आलं. हृदय फुगून मोठं झालेलं, भिंती जेमतेम हलत होत्या. पंचवीस टक्के. बसवंतनं तीनदा मोजलं आणि डॉक्टरांना गाठलं. दमा नव्हे, हृदयच थकलंय, आजच दाखल करा, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या चालू झाल्या की श्वास हलका होईल, पुढंही सावरेल, म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर नागनाथांनी हळूच विचारलं, "ह्या गोळ्या नव्या निघाल्यात व्हय?"

बसवंतनं मशीन बंद केलं.

"नाही काका," तो म्हणाला. "तेव्हाही होत्या."