कचऱ्यातून निघालेली अंगठी

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. चित्रकाराचा नव्हे, सोनारणीचा! निम्मे केस झडले, पण तोरा काही गेलेला नाही. कानशीने दागिना घासला की सोन्याचा बारीक कीस उडतो. तो पाटावरून, फटींतून, जमिनीवरून झाडून गोळा करणे हे माझे काम.

आमची सोनारीण मोठी हट्टी. ज्या सोन्याचा ठावठिकाणा माहीत नाही, त्याला ती शिवत नाही. लोकांचे मोडके दागिने वितळवायचे, नाहीतर मजुरांची नीट काळजी घेणाऱ्या ओळखीच्या खाणीतले सोने मागवायचे. बाकीचे सोनार तिला हसत. मला मात्र तिचा फार अभिमान वाटे.

एकदा एक मुलगी आजीची मोडकी कर्णफुले घेऊन आली. तिला लग्नाची अंगठी हवी होती.

"बाबांची उमेदीची वर्षं सोन्याच्या खाणीत गेली. छाती कायमची बिघडली," ती म्हणाली. "ते म्हणतात, अंगठी मीच तुझ्या बोटात घालीन. पण कुणाचा जीव काढून आणलेलं सोनं असेल, तर हात लावणार नाही."

कर्णफुले वितळवली, तर आत भरलेली लाखच जास्त! सोने कमी पडले. लग्न दोन दिवसांवर आलेले आणि खाणीतले सोने यायला आठवडा लागणार. तेवढ्यात एक व्यापारी सोन्याचा तुकडा घेऊन हजर झाला.

"कुठलं आहे हे?" सोनारणीने विचारले.

"अहो ताई, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात."

"त्यांना नाही विचारणार. सोन्याला विचारणार!" असे म्हणून तिने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले.

मग तिला माझ्या कमाईची आठवण झाली. मी झाडलेली धूळ वर्षभर एका डब्यात साठते. तिने डबा उघडला, तर तो रिकामा आणि घासूनपुसून लख्ख! सासूबाई कालच राहायला आल्या होत्या.

"अगं, किती कचरा साठवला होतास! सगळा टाकून दिला," त्या कौतुकाची वाट पाहत म्हणाल्या.

त्या धुळीत काय होते, ते सोनारणीने सांगितले. ते कळताच सासूबाई अनवाणीच धावत सुटल्या. कचरागाडी गल्लीच्या टोकाला पोचली होती.

"थांब रे बाबा! माझ्या सुनेचं सोनं आहे त्यात!"

हे ऐकल्यावर कोण घरात बसेल? अख्खी गल्ली गाडीमागे धावली. पिशवी सापडली, पण कांद्याच्या सालांनी माखलेली.

त्या दिवशी मी मनापासून राबलो. सालांवरचा कण न् कण झाडला. सोनारणीने धूळ जाळली, लोहचुंबकाने लोखंड वेगळे काढले, उरलेले धुऊन मुशीत वितळवले. तळाशी वाटाण्याएवढा पिवळाधमक गोळा चमकला! मला तर नाचावेसे वाटले.

"आता या घरात मी झाडूला हात लावणार नाही," सासूबाईंनी जाहीर केले. त्यांचा आनंद काही लपत नव्हता.

अंगठी न्यायला मुलगी बाबांना घेऊन आली. त्यांनी आधी विचारले, "कुठलं सोनं?" सोनारणीने सगळे सांगितले, कांद्याच्या सालांसकट. ते हसता हसता खोकले, खोकता खोकता हसले आणि अंगठी उचलून तिथेच लेकीच्या बोटात घातली.

"लग्नापर्यंत कोण थांबतंय!" ते म्हणाले.

मित्रांनो, खाणीत राबणारा माणूस आपल्याला कधी दिसत नाही. म्हणून दागिना घ्यायला जाल, तेव्हा त्याच्या वतीने एवढेच विचारा, 'हे कुठलं?' उत्तर देताना समोरच्याने नजर चुकवली, तर खुशाल रिकाम्या हाताने घरी या.