ताईकडचं सोन्याचं घड्याळ

दातांच्या डॉक्टरांकडे सोन्याची अकरा घड्याळं होती. सगळी स्विस, पन्नास-साठच्या दशकांतली, रोज चावी द्यायची, आणि शर्टाच्या बाहीखाली सहज सरकतील इतकी पातळ. त्यांची अट एकच. तबकडी, काटे, आतलं मशीन, सगळं कारखान्यातून निघालं तसं हवं. एक काटा बदललेला निघाला तरी घड्याळ परत जाई. बायको म्हणायची, दिवसभर लोकांना खोटे दात बसवता आणि घरात मात्र सगळं अस्सल लागतं तुम्हाला.

बारावं घड्याळ तीस वर्षं हुलकावणी देत होतं. ते वडिलांचं. वडिलांमागे ते थोरल्या बहिणीकडे गेलं आणि तिने ते कपाटात असं दडवलं की दर्शनसुद्धा होईना. डॉक्टर दरवर्षी विषय काढत, ताई दरवर्षी चहा टाकायला उठे. यंदा तिने मोठं घर सोडून लहान जागेत जायचं ठरवलं, सामान वाटून टाकलं, आणि एका दुपारी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं. "घेऊन जा एकदाचं," म्हणाली. त्यांच्याकडे बघितलं मात्र नाही.

डॉक्टरांना घरी जाईपर्यंतही धीर निघाला नाही. दवाखान्यात बाहेर दोन पेशंट बसलेले असताना त्यांनी दार लोटलं, भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण उघडलं. मशीन बाहेरच्या सोन्याच्या डबीला लहान होतं. फट भरायला भोवती पितळेची रिंग बसवलेली. वरचं सोनं खरं, तबकडी खरी, आणि आत कुठल्यातरी साध्या घड्याळाचा जीव. झाकणाच्या आतल्या बाजूला, दुरुस्ती करणारे खुणेसाठी कोरतात तसं, बारीक अक्षरात साल ओरखडलं होतं. त्रेसष्ट. म्हणजे तेव्हा डॉक्टर तीन वर्षांचे.

वडील वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. खोटा तराजू दिसला की जप्त करायचे, ओळखीचा दुकानदार असला तरी. त्यांना कोणी फसवलं, की त्यांना हे ठाऊक होतं? डॉक्टरांचं कशात लक्ष लागेना. ताटावरून अर्ध्यात उठू लागले. झाकण दिवसातून चारदा उघडून बघू लागले. एका बाईंची डावी दाढ दुखत होती आणि हे सुई घेऊन उजवीकडे निघाले, तेव्हा त्या बाईंनीच हात धरला. त्या दिवशी त्यांनी दवाखाना लवकर बंद केला आणि ताईचं घर गाठलं.

ताई वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती. "ताई, याचं मशीन कोणी बदललं?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

तिचा हात थांबला. मग ती खाली बघूनच सांगत गेली. नऊ वर्षांची असताना ती बाबांचं घड्याळ घालून ऑफिस-ऑफिस खेळत होती, आणि ते कपडे भिजवलेल्या बादलीत पडलं. भीतीने तिने ते आठ दिवस गादीखाली दडवलं आणि मग गुपचूप खणात ठेवलं. तोवर ते गंजून बंद पडलं होतं. बाबांनी कोणाला काही विचारलं नाही. पंधरा दिवसांनी ते त्यांच्या मनगटावर पुन्हा टिकटिकत होतं. आत साधं मशीन बसवून घेतल्याचं त्यांनी तिला शेवटच्या आजारपणात सांगितलं.

"आणि म्हणाले, हे तूच ठेव. भावाला देऊ नकोस, तो उघडून बघेल."

डॉक्टर रिकाम्या खोलीत येरझाऱ्या घालू लागले. "मग आता का दिलंस?"

"कंटाळले रे. एकाहत्तर वर्षांची झाले, आणि अजून तुझ्यासमोरून चोरासारखी चहा टाकायला उठते."

"मूळचं मशीन शोधता येईल मला," ते म्हणाले. "मिळतात अजून."

"शोध की. पण बाबा बत्तीस वर्षं हेच घालून हिंडले."

त्यांनी घड्याळाला चावी दिली, ते चालू झालं. मग ताईचा हात पुढे ओढून तिच्या मनगटाला बांधलं. पट्टा ढिला होता. सामान बांधायला आणलेल्या दाभणाने त्यांनी त्याला आणखी एक भोक पाडलं. ताईने पाडू दिलं.

स्वस्थता काही आली नाही. तसं मूळचं मशीन कोणाकडे असेल, हे परतीच्या वाटेवरही डोक्यातून जाईना. घड्याळ किती पुढे पळतंय, हे मात्र ते ताईला रोज फोन करून विचारू लागले.

"चार मिनिटं," ती सांगायची. "पळू दे. मी कुठे कधी वेळेवर जाते?"