लेटेस्टच्या नादात

“सर, आमचं गेटपासचं अ‍ॅप तुमच्या कंपनीत चालेल का?”

मैत्रीण उन्नतीने पैज लावली होती, म्हणून शाळेत पाहुणे म्हणून आलेल्या रवींद्र सरांना मृणालीने भर वर्गात हे विचारून टाकलं. मागच्या बाकावर खसखस पिकली.

इंजिनियर सर हसले नाहीत. “कोड बदललास की अ‍ॅप बांधतं कोण?”

“आपोआप होतं! कुठलंसं कोरं मशीन जागं होतं, आधी पीएनपीएम बसवतं, त्याच्याकरवी लागतील ती तयार कोडची पॅकेजं आणतं, अ‍ॅप बांधतं आणि पुसून जातं.”

“पीएनपीएम कितव्या व्हर्जनचं? नंबर लिहिलायस?”

“लेटेस्ट, सर! आम्ही खाडीकाठची माणसं, शिळं आम्हाला चालत नाही.”

टाळ्याच पडल्या. सर म्हणाले, “मासळी घेताना आई कल्ले उघडून बघते ना? तुझ्या मशीनसाठी कोण बघतं?” पण टाळ्यांत मृणालीला ते ऐकूच आलं नाही, म्हणजे आलं, पण तिने मनावर घेतलं नाही.

ट्रकना कोणत्या गेटाने जायचं ते तिचं अ‍ॅप सांगायचं, त्या राहनाळच्या गोदामावरून शनिवारी बाबांचा, तुळशीरामांचा, फोन आला. आवाज चढलेला. “तीन नंबर गेटासमोर रस्ता खणलाय. डायवरांच्या मोबाईलवर पाच नंबर दाखव, लवकर!”

एका आकड्याचं काम! तिने आकडा बदलून कोड पाठवला. लाल. पुन्हा पाठवला. पुन्हा लाल, म्हणजे नवं बांधलंच जाईना. रात्रीत पीएनपीएमचं नवं व्हर्जन आलं होतं आणि कोऱ्या मशीनवर आयत्या येणाऱ्या जुन्या नोडवर, म्हणजे ज्या प्रोग्रॅमच्या जोरावर पीएनपीएम चालतं त्यावर, ते चालायलाच तयार नव्हतं. जुनं अ‍ॅप मात्र मजेत सुरू होतं आणि येईल त्या ट्रकला तीन नंबरकडेच धाडत होतं.

कल्ले कोणी बघितले होते? कोणीच नाही. तिने कालपर्यंत चाललेल्या व्हर्जनचा नंबर लिहिला. हिरवं झालं. तेवढ्यात बाबांचा दुसरा फोन. तीन नंबरपाशी मागे येणारा ट्रक चुकवताना वॉचमन दामूकाका खणलेल्या खड्ड्यात पडले होते. मनगट मोडलं.

संध्याकाळी बाबा चपला न काढताच उंबऱ्यात उभे राहिले. “सोमवारपासून कागदाच्या चिठ्ठ्या. मोबाईल न्हाय नि काय न्हाय!”

“तिनं मुद्दाम केलंय काय?” आई म्हणाली. “काल तर गावभर सांगत फिरत होता, माझ्या पोरीनं बनवलंय म्हणून.”

“म्हणून तर! आता कोणत्या तोंडानं फिरू?”

मृणालीला रडायला येत होतं. उन्नतीचे चार मेसेज पडले होते, तिने उघडले नाहीत. ती दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली.

“चिठ्ठ्याच घ्या, बाबा. अ‍ॅप मीच बंद करतेय. पीएनपीएमचा नंबर आता लिहिलाय. नवं व्हर्जन आलं की आधी बाजूला चालवून बघेन, मगच आकडा बदलेन. महिनाभर एकदाही लाल झालं नाही, तर तुमच्याकडे परत मागायला येईन. आणि आई, मी दामूकाकांच्या घरी चाललेय. चूक माझी होती, हे त्यांना सांगायला. सोबत येऊ नका.”