एकमताने हद्दपार

दुपारी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी असे, आणि तेवढ्या वेळात चष्मेवाला देश चालवत असे. हसू नका! देश इंटरनेटवरचा होता, खेळातला होता, पण त्याला झेंडा होता, संविधान होतं, संसद होती आणि एकमेकांना कधीही न भेटलेले चौसष्ट नागरिक होते. चष्मेवाला तिथला पंतप्रधान. घरात त्याचं कुणी ऐकत नसे, ही गोष्ट वेगळी.

एके दुपारी त्याला देशाच्या नकाशाकार बाईंची मेल आली. चार वर्षं जीव ओतून त्यांनी तिथले डोंगर, नद्या, रस्ते रेखाटले होते. आईच्या ऑपरेशनमुळे दोन आठवडे त्यांना तिकडे फिरकता आलं नव्हतं. तेवढ्यात, एका सीमारेषेवरून त्यांच्याशी भांडलेल्या चौघांनी त्यांचं नागरिकत्व काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूरही झाला.

‘मत चौघांनीच दिलं,’ बाईंनी लिहिलं होतं. ‘तरी निकाल चौसष्ट विरुद्ध शून्य. म्हणजे माझंही मत माझ्याच विरुद्ध मोजलंत?’

चष्मेवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. सात दिवसांत जो बोलणार नाही त्याचा होकार धरायचा, हा नियम त्याचाच. कामं अडू नयेत म्हणून केलेला. तो प्रस्ताव त्यानेही पाहिला होता आणि कशाला उगाच वाईटपणा घ्या, म्हणून कानाडोळा केला होता. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने लगेच प्रस्ताव मांडला: हा नियम रद्द करावा आणि बाईंच्या बाबतीत नव्याने मतदान घ्यावं. सात दिवस गेले. बाई गेल्यावर उरलेल्या त्रेसष्टांत होकार सहा, नकार दोन, गप्प पंचावन्न.

“ताई, जिंकलो! एकसष्ट विरुद्ध दोन.”

त्याची मोठी बहीण शेजारच्या टेबलावर एका फ्रेमचा स्क्रू आवळत होती. तिने सगळी हकिकत ऐकून घेतली.

“म्हणजे गप्प बसलेल्यांच्या जिवावर जिंकलास.”

“नियम अजून आहे ना. शेवटचा एकदा वापरला.”

“डोळे तपासताना तू काच बदलून विचारतोस, आता बरं दिसतंय का? गिऱ्हाईक काहीच बोललं नाही, तर त्या नंबरचा चष्मा करून देतोस?”

“छे! पुन्हा विचारतो.”

“का?”

“वापरायचा त्याला आहे, मला नाही.” बोलता बोलता तो थांबला. “पण पुन्हा विचारलं आणि हरलो तर? त्या बाई कायमच्या गेल्या.”

“तेव्हा त्यांचं मत न विचारता मोजलंस. आज पंचावन्न जणांचं मोजतोयस. त्या चौघांत आणि तुझ्यात फरक काय राहिला, सांग मला.”

त्याने हातात आलेला निकाल स्वतःच रद्द केला आणि जाहीर केलं, की निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान बत्तीस जण स्वतः बोलल्याशिवाय काहीच मंजूर धरायचं नाही. मग तो कंबर कसून कामाला लागला. एका गिऱ्हाइकानंतर दुसरं येईपर्यंत एकेकाला नावानिशी लिहू लागला. एकजण पासवर्डच विसरला होता. एकीने सुनावलं, “चार वर्षांत पहिल्यांदा विचारताय हो!” त्याने मुकाट्याने माफी मागितली आणि पुढच्याला लिहिलं.

आठवड्याने बेचाळीस जण बोलले होते. एकतीस विरुद्ध अकरा मतांनी नियम गेला. मग बाईंसाठी मतदान झालं. अडतीस जणांना त्या हव्या होत्या, पाच जणांना नको होत्या.

त्याने बाईंना फोन केला. पाच नकारांचा आकडा सांगताना त्याची जीभ अडखळली.

बाई म्हणाल्या, “त्या चौसष्टांत मला कुणीच दिसत नव्हतं. आता अडतीस माणसं दिसतायत, आणि भांडायला पाच. येते मी.”

मंडळी, हा देश खेळातला होता, पण ही खोड आपलीच आहे. सोसायटीच्या सभेत, कचेरीत, अगदी घरातल्या जेवणाच्या टेबलावरही कुणी बोललं नाही की आपण त्याचा होकार धरून मोकळे होतो. विचारायला वेळ लागतो आणि कधीकधी नकारही ऐकून घ्यावा लागतो. तरीही प्रत्येकाला विचारायलाच हवं, आणि आपल्याला विचारलं की तोंड उघडून उत्तर द्यायला हवं.