सरक ना आत

मित्रांनो, मी एक जुना सी-सॉ आहे. एक लांब फळी, मधे लोखंडी खुंट, दोन्ही टोकांना धरायला कड्या. माझा संसार एवढाच. मला घडवणाऱ्या सुताराने शाळेच्या मोठ्या बाईंना बजावलं होतं, "बाई, हा एकट्याने चालत नाही. दोघं लागतात." माझ्या स्वभावाबद्दल इतकं खरं पुन्हा कोणी बोललं नाही.

माझ्यावर बसणारी जोडी ठरलेली होती. एका टोकाला चिमणी, दुसऱ्या टोकाला ढब्बू. दोघं एकाच वर्गातली, पण ढब्बू नावाप्रमाणे ऐसपैस. तो टोकाला बसला की चिमणी वरच अडकायची आणि पाय झाडत ओरडायची, "ए ढब्ब्या, सरक ना आत!" तो कुरकुरत वीतभर आत सरकायचा. खाली येता येता ती विचारायची, "जेवतोस की साठवतोस?" त्या वीतभर जागेवरचा माझा रंग त्याच्या चड्डीने पार घासून टाकला होता.

मग युद्ध आलं. शाळेत मुलांऐवजी सैनिक राहू लागले. त्यांच्या साहेबांना फाटकासमोरचा रस्ता अडवायला आडवी फळी हवी होती. त्यांची नजर माझ्यावर पडली.

"साहेब, तो मुलांचा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाई, सध्या सगळं देशाचं आहे."

मला खुंटासकट उपटलं, लाल-पांढरे पट्टे ओढले, एका टोकाला दगड बांधला. दुसरं टोक रस्त्यावर आडवं, दोरीने खाली बांधलेलं. दोरी सोडली की दगड खाली, मी वर, गाडी पार. सुरुवातीला मला ही बढतीच वाटली. पण दगडाबरोबर खेळून बघा, मित्रांनो. तो कधी आत सरकत नाही.

पुढे दोरी सोडायला ढब्बूलाच नेमलं. "अंगाने भरलाय, चालेल," साहेब म्हणाले. डोक्यावर टोपी दिली, ती कानांवरून खाली यायची. बाई हजेरीपट घेऊन धावत आल्या.

"साहेब, याचं वय बारा आहे!"

"चांगला आडदांड आहे की."

"म्हैसही आडदांड असते. तिला घालता का टोपी?"

पहारेकरी हसले. साहेब "बघतो" म्हणाले आणि हजेरीपट ठेवून घेतला.

चिमणी रोज रस्त्यापलीकडे येऊन उभी राहायची. ढब्बू तिच्याकडे बघायचा नाही. कामावर असताना बघायचं नाही, असा हुकूम होता.

एका सकाळी ट्रक आघाडीवर निघाला. साहेब ढब्बूला म्हणाले, "दोरी सोड आणि चढ." ते ऐकताच चिमणी धावत आली आणि माझ्या रस्त्यावरच्या टोकाला लोंबकळली. ट्रक जाऊच द्यायचा नाही, असा तिचा बेत. ढब्बूचे हात दोरीवर थांबले.

"सोड म्हणतो ना!"

त्याने सोडली. मी खाली राहायचा जिवापाड प्रयत्न केला, मित्रांनो. पण दगड जड होता. चिमणी माझ्याबरोबर वर गेली, ढब्बू ट्रकमध्ये चढला आणि ट्रक तिच्या पायांजवळून निघून गेला. "ढब्ब्या, सरक ना आत!" ती वरून ओरडत राहिली. त्याला खाली यायला सांगायचे दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते.

युद्ध थांबलं. मला पुन्हा शाळेच्या अंगणात रोवलं, दगड सोडला, पट्टे खरवडले. लाल रंग फटींत राहिलाच. मुलं परत आली. ढब्बू आला नाही. बाई नव्या हजेरीपटातून रोज त्याचं नाव पुकारतात आणि जरा थांबतात.

मधल्या सुट्टीत चिमणी माझ्यावर बसते. समोर कोणाला बसू देत नाही. "जागा धरलीय," म्हणते. तिचं टोक मातीला, दुसरं रिकामं, हवेत. मला सुताराचं बोलणं आठवत राहतं.

मित्रांनो, एकच विनवणी. कोणी एखाद्या मुलाला अंगाने मोजून टोपी घालू लागला, तर त्याचं वय विचारा. मोठ्याने विचारा, सगळ्यांनी मिळून विचारा. एकटीने लोंबकळून दगड उचलला जात नाही.

ढब्बू गेल्यापासूनच्या तीन वर्षांत चिमणी चांगली उंच झालीय. काल रिकाम्या टोकाकडे बघत ती हळूच म्हणाली, "ये रे ढब्ब्या. आता आत सरकायला नको. मी जड झालेय."